आधी घरी विचारतो

४ फेब्रुवारी

भाऊजी,

नमस्कार. हे पत्र ताईला दाखवू नका. तुम्ही दाखवणारच, हे मला माहीत आहे. निदान तिचा चहा पिऊन झाल्यावर दाखवा.

पहिली बातमी, मी कॉलेज सोडलं. आईला कळलंय. बाबांनाही कळलंय, पण त्यांनी ते न कळल्यासारखं ठेवलंय. आमच्या सरांनी वर्गात एका मुलीबद्दल (तिचं पुढे येतंच) काहीतरी कुचकट बोलून दाखवलं. मी उभा राहिलो आणि जे बोलायचं नव्हतं ते सगळं बोललो. लेखी माफी माग म्हणाले. माफीपेक्षा दप्तर उचलणं सोपं वाटलं. गंमत म्हणजे ती त्या वर्गात नसतेच. ती वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा हा सगळा पराक्रम तिला चार लोकांकडून उडत उडत कळला, आणि ती म्हणाली, "मूर्ख आहे का?"

पण म्हणाली ना! माझ्याविषयी म्हणाली!

आता मी मोटार वाइंडिंगच्या दुकानात आहे. जळालेले पंप, पंखे येतात. जुनी तार ओढून काढायची, नवी भरायची, वर व्हार्निश. बोटं रोज कापतात. मिस्त्री म्हणतात, "तार हळू ओढायची असते, तिला राग दाखवायचा नसतो." दुकानाच्या वरच्याच खोलीत राहतो.

आता मुद्दा. राष्ट्रप्रमुखांचं ते भाषण तुम्ही ऐकलंच असेल, "शेजाऱ्यांची राख करायला मला एक फोन पुरेसा आहे" वालं. त्यानंतर वकीलीणबाई (सगळे तिला हेच म्हणतात, मीसुद्धा, मनात सोडून) दर शनिवारी कॉलेजमागच्या सायकलींच्या शेडमध्ये सभा घेते. गेल्या शनिवारी ती विचारत होती की फोन एकाने केला तरी क्षेपणास्त्रं सोडायची चावी दुसऱ्यालाच फिरवावी लागते, मग तो दुसरा फिरवेल का? कुणीतरी खुसपुसलं, याचे भाऊजी तिथेच असतात, जमिनीखालच्या चाव्यांच्या खोलीत. ती सगळ्यांसमोर माझ्याकडे वळली. "काय रे, तुझे भाऊजी फिरवतील?"

मी म्हणालो, "मुळीच नाही. जीव गेला तरी नाही."

भाऊजी, ती माझ्याकडे बघत राहिली. गरजेपेक्षा जास्त वेळ. आता ती म्हणते, त्यांनी असं लिहून दिलं तर मानेन. मला जास्त नको. एक ओळ पाठवा. माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे, आणि हे मी उगाच म्हणत नाही.

तुमचा,
तोफखाना

(ताई मला हेच म्हणते ना? मग हेच.)


१५ फेब्रुवारी

शालक महाराजांच्या सेवेशी,

आपलं पत्र मिळालं. आपल्या ताईसाहेबांना ते चहा पिऊन झाल्यावर दाखवलं, तरी ठसका लागलाच.

कॉलेजचं काय ते तू आणि तुझे वडील बघून घ्या. मी त्यात पडलो तर जावई असूनही मार खाईन. वाइंडिंगचं काम वाईट नाही. निदान तू दुरुस्त करतोस, आम्ही तेही करत नाही.

वकीलीणबाईंना सांग, आमच्या खोलीबद्दल जेवढं वर्तमानपत्रात छापून आलंय तेवढंच मी सांगू शकतो. दोन खुर्च्या, दोन माणसं, दोन चाव्या. खुर्च्या इतक्या लांब की एकाला दोन्ही चाव्या फिरवता येऊ नयेत. दुसऱ्या खुर्चीत आमचा लांब्या असतो. त्याचे पाय टेबलाखाली मावत नाहीत, म्हणून तो आठ तास तिरका बसतो आणि पाठीच्या नावाने सरकारला शिव्या देतो. एरवी आम्ही दिवे बघतो, वह्या भरतो आणि जांभया देतो. असं हे भीषण काम.

राहिली ती ओळ. घे. माझ्या घरात चहाची गाळणी कुठल्या खुंटीला टांगायची हेसुद्धा मी ठरवत नाही. तेव्हा उद्या राष्ट्रप्रमुखांचा हुकूम आला तर मी म्हणेन, थांबा साहेब, आधी घरी विचारतो. मग मी तुझ्या ताईला फोन करीन. ती "नाही" म्हणेल, कारण ती मला सगळ्यालाच नाही म्हणते. नवा रेडिओ नाही, दाढी नाही, तर हे कुठून हो म्हणणार? त्यामुळे जग सुरक्षित आहे.

झालं समाधान? आता लग्नाचं बघ. माझ्यासारखा सुखी होशील.

तुझा,
भाऊजी

ता. क. हे मी, ताई. हसण्यावारी नेऊ नकोस. असलं कागदावर मागायचं नसतं. मुलगी कशी आहे ते लिही. आणि बोटांना हळद लाव.


२६ फेब्रुवारी

भाऊजी! भाऊजी!

जिंकलो. दुसरा शब्द नाही.

शनिवारी शेड भरली होती, लोक सायकलींवर बसले होते. मी तुमचं पत्र वाचलं. सगळं नाही, जरा काटछाट केली. गाळणी, दाढी, रेडिओ हे घरगुती असतं, ते भर सभेत कशाला? मी वाचलं, "उद्या राष्ट्रप्रमुखांचा हुकूम आला तर मी म्हणेन, थांबा साहेब." आणि कागदाची घडी घातली.

असा टाळ्यांचा पाऊस, की बाहेरचा पहारेकरी आत धावत आला. सभा संपल्यावर वकीलीणबाई माझ्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालत आली. तिची बस दुसऱ्या बाजूने सुटते, भाऊजी! वाटेत म्हणाली, "बेकायदा हुकूम मोडणं हा नुसता हक्क नसतो, ते कर्तव्य असतं. असा एक माणूस खाली बसलाय हे कळलं की झोप लागते." तिला झोप लागावी म्हणून मी काय वाटेल ते करीन.

आणि हे सोबतचं कात्रण बघा! सभेला कुणी वार्ताहर आला होता, आम्हाला माहीतही नव्हतं. "थांबा साहेब! : चावीवरच्या अधिकाऱ्याचा बाणा." तुमचं नाव कुठेही नाही, मी काळजी घेतलीय. फक्त "सभेतल्या वाइंडिंग कारागिराचे भाऊजी" एवढंच आहे.

ताईला म्हणावं, मुलगी उंच आहे, चष्मा आहे, आणि बोलताना समोरच्याचं बटण धरते.

तुमचा,
जगातला सर्वांत सुखी मेहुणा


९ मार्च

तोफखान्या,

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही तुझी लहानपणापासूनची खोड. आजवर ती तुझ्या अंगाशी यायची. या वेळी आमच्या आली.

"वाइंडिंग कारागिराचे भाऊजी" शोधायला त्यांना एक दुपार लागली. अशा दुकानांत कामाला असलेले किती जण आहेत, आणि त्यातल्या किती जणांचे भाऊजी खाली बसतात? भाऊजींचा पास काढून घेतलाय. गणवेश घालून सकाळी निघायची सवय आहे, तेव्हा ते साध्या कपड्यांत फाटकापर्यंत जातात आणि परत येतात. शेजारीण माझ्याशी बोलताना आवाज खाली करते, जसं काही घरात कुणी आजारी आहे.

दोनदा बोलावून विचारलं. ते म्हणाले, गंमत होती, मेहुण्याला लिहिलेली. पण कात्रणात गंमत कुठे आहे? ती तू काटछाट केलीस. आता साहेब म्हणतात, मूळ पत्र दाखवा. गंमत असेल तर दिसेलच. मग एका कागदावर सही करा की हुकूम आला तर पाळीन, आणि सोमवारपासून कामावर या. मूळ पत्र नसेल तर नोकरी गेली, क्वार्टर गेलं, आणि पुढे काय काय जाईल ते मला विचारवत नाही.

ते पत्र पाठव. गाळणीसकट. आज पाठव.

मला माहीत आहे, ते पाठवलंस तर त्या मुलीसमोर तुझं काय होईल. मी तुझी बहीण आहे, मला ते न सांगताही कळतं. तरी पाठव.

ताई


१४ मार्च

ताई,

रजिस्टरने पाठवलं. पावती सोबत आहे.

खोटं कशाला सांगू, तुझं पत्र आल्यावर आधी मी भडकलोच. म्हटलं, भाऊजींनी सही का करायची? ठणकावून सांगावं ना, नाही फिरवणार! तुला तसं पत्र लिहिलंही होतं. चार पानं. मग जिन्यावरून खाली आलो तर मिस्त्री म्हणाले, "कुणावर एवढा तापलास?" आणि मला सांगता येईना. भाऊजींचं क्वार्टर पणाला लावून मी बसथांब्यापर्यंत चालून आलो होतो. चार पानं फाडली.

पत्र पोस्टात टाकायच्या आधी मी ते तिला दाखवलं. मागून कळण्यापेक्षा समोर कळलेलं बरं. वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसून तिने पूर्ण वाचलं. गाळणीपाशी ती हसली. खरंच हसली, ताई, आणि मला क्षणभर वाटलं, वाचलो. मग तिने कागद परत माझ्या हातात दिला.

"म्हणजे फिरवतील," ती म्हणाली.

"असं कुठे लिहिलंय?"

"नाही फिरवणार, असंही कुठे लिहिलंय? तू त्यांना विचारलंच नव्हतंस. तू त्यांच्याकडून मला द्यायला काहीतरी मागितलंस. लोक यासाठी फुलं आणतात."

मी म्हणालो, "मी तुझ्यासाठी..."

"तेच म्हणतेय मी," असं म्हणून ती उठली. पायऱ्या उतरताना तिने एकदाही मागे पाहिलं नाही. मी मोजत नव्हतो, पण बघत होतो.

भाऊजींना हे वाचून दाखव. भाऊजी, मला ओळ नको. सभेत वाचायला काही नको. फक्त मला सांगा, आणि तुम्हाला नाही सांगावंसं वाटलं तरी चालेल. तुम्ही फिरवाल का?

तुझा


२ एप्रिल

प्रिय मुला,

शालक महाराज वगैरे आज राहू दे.

तू विचारलंस, आणि यावेळी खरं विचारलंस, म्हणून उत्तर देतो. हे पत्र कुणी वाटेत उघडलं तरी मला भीती नाही. यातलं बहुतेक मी त्यांच्या तोंडावर बोलून बसलोय.

तुझं रजिस्टर पोचलं. चौकशीला तिघे होते, मधे मोठे साहेब. त्यांनी पत्र मोठ्याने वाचलं. दाढीपाशी आल्यावर त्यांना हसू आवरेना, चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, "अहो, मलाही घरी विचारावंच लागतं." बाकीचे दोघेही हसले. वातावरण एकदम सैल झालं. सहीचा कागद पुढे सरकवला, पेन दिलं. आणि जसं कुणी जाता जाता "जेवलात ना?" विचारावं तसं साहेबांनी विचारलं, "म्हणजे हुकूम आला की फिरवणार ना?"

मी म्हणालो, "होय साहेब."

त्यांचा प्रश्न पूर्ण व्हायच्या आत म्हणालो.

आता तुला एक गोष्ट सांगतो, जी मी तुझ्या ताईलाही सांगितली नव्हती. इतकी वर्षं मनातल्या मनात मी "नाही" म्हणत आलोय. नोकरी लागली तेव्हापासून. वाटायचं, सराव आहे तोवर फिरवू, खरी वेळ आली की आपण हात मागे घेऊ. दर वर्षी डॉक्टर विचारतात, कचराल का? मी "नाही" वर खूण करतो, तुला कसली ॲलर्जी आहे का विचारल्यावर करावी तशी. खूण खोटी आहे असं समजून मी निवांत होतो. माझं गुपित होतं ते. त्याच्या जोरावर मी ती नोकरी केली.

आणि साहेबांनी विचारल्यावर तो "नाही" कुठे गेला? तो यायला निघालासुद्धा नाही.

सहीआधी पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर आलो, बाकावर बसलो. मला सराव आठवायला लागले. आमच्याकडे सराव कसा होतो माहीत आहे? आधी कुणी सांगत नाही. तीच घंटा, तोच आवाज, तीच अक्षरं आणि आकडे. पाकीट फोडायचं, त्यातल्या कार्डाशी ताडून बघायचं, जुळलं की लांब्याने तोंडाने मोजायचं आणि दोघांनी मिळून फिरवायची. फिरवून झाल्यावर आवाज येतो, "सराव होता." मगच कळतं. म्हणजे ज्या ज्या वेळी मी चावी फिरवली, त्या त्या वेळी मला माहीत नव्हतं. मी "सरावच असणार" असं समजून घेतलं होतं, एवढंच. मुला, मी ती खरोखर फिरवली आहे. कितीदा तरी. जग अजून आहे ही वरच्यांची मेहेरबानी, माझी नाही.

वकीलीणबाई म्हणतात, बेकायदा हुकूम मोडायचा. बरोबर आहे. पण त्या खोलीत कायदा दिसत नाही. खिडकीच नाही. हुकूम खऱ्या माणसाकडून आलाय का, हे तपासायची सोय आहे, आणि चोख आहे. तो माणूस ताळ्यावर आहे का, हे तपासायचं कार्ड कुठल्याच पाकिटात नाही.

सही न करता मी लांब्याला गाठलं. तो सायकलीत हवा भरत होता. आम्ही एवढी वर्षं शेजारी बसलो, पण हे कधी विचारलं नव्हतं. विचारायची पद्धत नाही. मी विचारलं, "तू खरोखर फिरवशील?"

तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "वेडा आहेस का? मी नाही फिरवणार."

"मग सरावात फिरवतोस ते?"

"ते सोड रे. आणि समज, घाबरून, गडबडीत माझ्याकडून फिरलीच, तरी काय बिघडतंय? एका चावीने काही होत नाही. तू आहेस ना. तू थोडाच फिरवणार आहेस!"

मीही नेमकं हेच समजून बसलो होतो. लांब्या आहे ना, तो नाही फिरवणार. एकाच्या हाती सगळं नको म्हणून दोन चाव्या केल्या, आणि आम्ही दोघं एकमेकांना टेकून दोन्ही फिरवत आलो.

मग मी परत आत गेलो आणि साहेबांना म्हणालो, मला खाली पाठवू नका. ते म्हणाले, "अहो, पण पत्र तर गमतीचं होतं, प्रकरण मिटलंय!" मी म्हणालो, "म्हणूनच. मला वाटायचं मी नाही म्हणेन. आता कळलं, खाली बसलेल्याला नाही म्हणता येत नाही. जे म्हणायचं ते इथे वर, उजेडात, पोट भरलेलं असताना म्हणून घ्यावं लागतं. ते म्हणतोय." साहेब म्हणाले, "हे तुम्ही मला सांगायला नको होतं." रागाने नाही म्हणाले. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

मला कोठारात टाकलंय. बूट, ब्लँकेटं, बादल्या. पगार कमी, क्वार्टर मागच्या रांगेतलं. तुझी ताई काही दिवस बोलली नाही. परवा म्हणाली, "इकडे स्वयंपाकघरात उजेड बरा येतो." तिच्याकडून एवढं म्हणजे फार झालं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, होय. फिरवली असती.

माझ्या खुर्चीत नवा मुलगा आलाय. नुकतंच लग्न झालेला, नाकासमोर चालणारा. परवा ब्लँकेट घ्यायला आला तेव्हा विचारलं, "सर, खाली थंडी असते का?" म्हटलं, असते. स्वेटर ने.

भाऊजी


१० एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र आल्यापासून मी नीट काम केलेलं नाही. एका पंपात उलटी वाइंडिंग भरली, तो पाणी ओढायच्या ऐवजी नुसता गुरगुरत बसला. मिस्त्रींनी सगळी तार काढायला लावली.

तुमचं पत्र मी सभेत वाचलेलं नाही. कुणालाही वाचायला दिलं नाही. फक्त तिला तोंडी सांगितलं, आणि यावेळी काहीही गाळलं नाही. "होय साहेब" सुद्धा सांगितलं, लांब्यांचंही. ती रागावेल म्हणून तयारीत होतो. ती रागावलीच. म्हणाली, "मग ते उठले कशाला? एवढं कळलेला एकुलता एक माणूस, आणि तोच वर येऊन बसला! आता तिथे कोण आहे? ज्याला काहीच कळलेलं नाही तो!"

मीही पेटलो. म्हणालो, "कळलेल्या माणसाचाही हात फिरतो, हेच तर त्यांना कळलंय! तू तिथे बसून बघ!" रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. आम्ही असे भांडलो, भाऊजी, की कुणाला वाटावं आमचं लग्न होऊन दहा वर्षं झालीत. हे वाक्य मी तिला म्हणालो नाही. शिकतोय.

ती माझी होणार नाही. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही, तुम्ही खरं लिहिलंत म्हणून मीही लिहितो. तिला माझा राग नाही, पण काटछाट केलेलं ते वाचन ती विसरत नाही, आणि विसरू नये असं मलाच वाटतं. शनिवारी शेड झाडायला मात्र मी जातो. तिथेच तर ती दिसते.

तर भांडण संपल्यावर ती माझ्या शर्टाचं बटण धरून म्हणाली, "त्या नव्या मुलाला कुणी विचारलं का?"

मी म्हणालो, "काय?"

"जे तुझ्या भाऊजींना इतकी वर्षं कुणीच विचारलं नाही ते. तो अजून वर येतो ना? जेवतो, झोपतो, ब्लँकेट घेतो. मग वर असतानाच विचारायला हवं. आणि आपण इथे शेडमध्ये ओरडून उपयोग नाही, तो आपल्याला ओळखत नाही."

भाऊजी, तुम्ही त्याला स्वेटरचं सांगितलंत. उरलेलंही सांगाल का? लिहून नको. तोंडी.

तुमचा


२४ एप्रिल

शालक महाराज,

हे पत्र वाचून झालं की चूल, काडी, काय मिळेल ते. सभा नाही, शेड नाही.

रविवारी त्या नव्या मुलाला आणि त्याच्या बायकोला चहाला बोलावलं. तुझ्या ताईने विचारलं, "कशासाठी?" मी खरं कारण सांगितलं. म्हटलं, आता नाही म्हणेल. तर ती म्हणाली, "मग साखर संपलीय, घेऊन या."

मुलं वेळेवर आली, नवे कपडे घालून. बायको सारखी त्याच्या कॉलरचा दोरा काढत होती. मागच्या रांगेतल्या घरात कुणी पाहुणे येत नाहीत, त्यामुळे ताईलाही काय करू नि काय नको असं झालं होतं. पाठीचं दुखणं, दिवे, लांब्याचे पाय, सगळं बोलून झालं. तो लांब्यावर खूश आहे. म्हणाला, "ते बरोबर असले की धीर येतो, सर." ते ऐकून मला थांबवेना. मी सरळ विचारलं, "खरा हुकूम आला तर फिरवशील?"

बायकोचा हात कॉलरवरच थांबला. असला प्रश्न तिनेही त्याला कधी विचारला नसणार.

तो आधी गोंधळला. मग त्याने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि छान मोकळं हसला. इतकं प्रामाणिक हसू मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

"मी? छे, सर. मी नाही फिरवणार."

बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला. तिला वाटलं, संपलं. तो उठायला लागला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत खाली बसवलं, आणि तुझ्या ताईला आणखी चहा टाकायला सांगितलं.

"बस," मी म्हणालो. "मलाही असंच वाटायचं."

भाऊजी